कापलेल्या फेंडरची बाजू

कोट्यवधींच्या गाडीला कुणी बाहेरची बॉडी किट, म्हणजे वेगळे फेंडर (चाकांवरचे पत्रे), बंपर, पंख असा साज, बसवली की गाडीवेड्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं : ‘पैसा आला, अक्कल नाही आली.’ बोलणारा बलेनो चालवत असतो आणि ज्या लॅम्बोर्गिनीबद्दल तो बोलतोय ती त्याने फोटोतच पाहिलेली असते. मीही त्याच पंक्तीतला, माझ्याकडे जुनी वॅगन आर आहे. पण मत बाळगायला गाडी लागत नाही, आणि माझं मत या बैठकीत फारसं कुणाला पटत नाही. किट बसवायला गाडीचं अंग कापणं मला पाप वाटत नाही. वाईट कापणं, आणि कापून न कापल्याचा आव आणणं, हे मात्र डोक्यात जातं.

उमेदीची काही वर्षं मी भोसरीत फायबरच्या कारखान्यात काढली. बसचे दर्शनी भाग, ट्रॅक्टरची बॉनेटं, मधूनच कुणाची तरी हौस म्हणून जीपचं हार्डटॉप. साच्याला वॅक्स घासायचं, जेलकोटचा बाहेरचा थर मारायचा, तो बोटाला लागेनासा झाला की काचतंतूंची मॅट अंथरायची, रेझिन लावायचं आणि रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा. हार्डनर जरा जास्त पडला की रेझिन डब्यातच तापून दगड होतं. कमी पडला की संध्याकाळपर्यंत माल ओलाच. घाईने साच्यातून काढलेला माल हळूहळू पीळ घेतो. साच्यात सरळ दिसणारी कड गाडीवर लावायला गेलं की एका टोकाला तीन मिलिमीटर फट, दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी. मग कुणीतरी म्हणतंच, ‘पुट्टी मारून घेऊ की.’ ती पुट्टी एकदोन पावसाळे टिकते. त्यानंतर रंगाखालून केसाएवढी चीर उमटते, आणि जोड नेमका कुठे होता ते सगळ्या जगाला कळतं.

तेव्हापासून डोळ्याला खोड लागली आहे. कुठल्याही किटचा फोटो समोर आला की मी मागचा पंख बघत नाही. नवा तुकडा जुन्या पत्र्याला जिथे भेटतो ती कड बघतो.

‘मूळ डिझाइनला हात लावू नये’ म्हणणाऱ्यांना मी आधी काउंटाशबद्दल विचारतो. ऐंशीच्या दशकात वाढलेल्यांच्या भिंतीवर जी लॅम्बोर्गिनी काउंटाश होती ती आठवा : फुगलेले फेंडर, मागे बाणाच्या आकाराचा भलामोठा पंख, ट्रकला शोभावेत असे मागचे टायर. बेर्तोने या इटालियन डिझाइन कार्यशाळेत काम करणाऱ्या मार्चेल्लो गांदिनीने काढलेली काउंटाश अशी नव्हतीच. १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा पिवळ्या रंगात उभी राहिली तेव्हा तिच्यावर ना फुगवटे होते ना पंख. नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात ओढलेली रेषा, बस. १९७४ मध्ये तिची विक्रीची पहिली आवृत्ती, एलपी४००, ग्राहकांच्या हातात आली तेव्हाही तिचे मागचे टायर २१५ मिलिमीटर रुंद होते. आज क्रेटालाही तेवढे येतात.

मग वॉल्टर वुल्फ नावाचा ग्राहक आला. ऑस्ट्रियात जन्मलेला, कॅनडात तेलाच्या धंद्यात गब्बर झालेला माणूस. पुढे त्याने स्वतःचा फॉर्म्युला वन संघ काढला आणि १९७७ साली अर्जेंटिनात त्या संघाने पहिलीच शर्यत जिंकली, यावरून त्याच्या हौसेची कल्पना यावी. त्याला कारखान्यातून निघालेली काउंटाश पुरेशी वाटेना. जामपाओलो दल्लारा या अभियंत्याच्या मदतीने त्याने आपली गाडी खास करून घेतली : पिरेलीचे नवे रुंद पी७ टायर, ते झाकायला फायबरचे फुगवटे आणि मागे पंख. गाडी बघणाऱ्यांना वेड लागलं. लॅम्बोर्गिनीची तेव्हा पैशाची ओढाताण चाललेली होती. गिऱ्हाइकाने स्वतःच्या खिशातून काढून दिलेली कल्पना त्यांनी का सोडावी? १९७८ साली एलपी४००एस बाजारात आली, फायबरच्या फुगवट्यांसकट. मागचे टायर २१५ वरून थेट ३४५ मिलिमीटरवर गेले. पंख वेगळे पैसे मोजून मिळायचा आणि त्याने गाडीचा कमाल वेग चक्क कमी व्हायचा. लोकांनी तरी घेतला.

म्हणजे ज्या काउंटाशला आपण मूळ समजून हात जोडतो ती एका धनिकाच्या बॉडी किटला कारखान्याने दिलेली मान्यता आहे. पुढे १९८८ साली कंपनीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जी आवृत्ती निघाली तिच्या अंगावर होरासिओ पगानी नावाच्या तरुणाने आणखी खाचा आणि झालरी चढवल्या. तेव्हा टीकाकारांनी नाकं मुरडली. ती सगळ्यात जास्त खपलेली काउंटाश ठरली, साडेसहाशेच्या वर गाड्या. आणि आता संग्राहकांच्या बाजारात चक्र उलटं फिरलंय : सगळ्यात जास्त भाव पहिल्या, सडसडीत एलपी४००ला. रुची ही अशी. तिच्या नावाने पावित्र्याच्या आणाभाका घेऊ नयेत.

पोर्शेची कथा याहून मजेदार आहे, कारण तिथे सगळा खेळ नियमांच्या पळवाटेतून सुरू झाला. १९७६ पासून ग्रुप ५ शर्यतींच्या नियमांत असं होतं की बॉनेट, छत, दारं मूळ गाडीची दिसली पाहिजेत; फेंडर मात्र हवे तसे करा. पोर्शेच्या लोकांनी नियम वाचले आणि त्यांना दिसलं की फेंडर किती रुंद असावा याबरोबरच किती उंच असावा याचंही बंधन नाही. त्यांनी आपल्या ९११ गाडीचे ते प्रसिद्ध बेडूकडोळे, म्हणजे वर आलेल्या दिव्यांचे फुगवटे, कापून टाकले, फेंडर सपाट केले, दिवे खाली बंपरमध्ये नेले. ही ९३५. हवा वरून गुळगुळीत सरकायला लागली आणि गाडी जिंकायला लागली. १९७९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत क्रेमर बंधूंच्या ९३५ के३ने जिंकली. आणि के३ कारखान्याची नव्हे, बाहेरच्या माणसांनी आपल्या डोक्याने आणखी बदललेली गाडी. मग श्रीमंत जर्मनांना रस्त्यावरच्या ९११ला तसंच सपाट नाक हवंसं झालं. बाहेरच्या कार्यशाळांनी ते करून द्यायला सुरुवात केली, आणि थोड्याच काळात पोर्शे स्वतःच खास मागणीवर, बक्कळ पैसे घेऊन, नवी गाडी आतल्या आत कापून द्यायला लागली.

शर्यतीच्या त्या रुंद, जमिनीला टेकलेल्या गाड्या जपानमध्येही धावल्या. फुजीच्या ट्रॅकभोवती त्या पाहणाऱ्या पोरांकडे पोर्शेचे पैसे नव्हते. त्यांनी जुन्या स्कायलाइन आणि सेलिका घेतल्या, हनुवटी फावड्यासारखी पुढे काढली, फेंडर बाहेर ओढले, सायलेन्सर आकाशाकडे वळवले. पोलिसांच्या लेखी ती टोळकी, शेजाऱ्यांच्या लेखी डोकेदुखी. नागोयाच्या बाजूला वाढलेल्या वातारू काटोला त्याच गाड्यांचं वेड होतं. त्याने लिबर्टी वॉक नावाची कंपनी काढली आणि तारुण्यातला तो रांगडेपणा थेट लॅम्बोर्गिनी मुर्सिएलागोवर आणि फेरारी ४५८वर नेऊन चढवला. रुंद फेंडर, आणि ते जागेवर धरणारे बोल्ट उघडे, मोजता येतील असे. युरोपातल्या गाडीच्या अंगावर जपानी गल्लीतला पोरगा येऊन बसला आहे आणि त्याला ते लपवायचं नाही. काटोचं काम मला आवडतं ते यासाठी. सुंदर आहे का? प्रत्येक वेळी नाही. काही गाड्या तर अगदी अंगावर येतात. पण त्यांत खोटं काही नाही.

अकिरा नाकाईबद्दल मात्र मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. हा जपानमधल्या चिबाचा माणूस, टोयोटा कोरोला एई८६ घसरवत फिरणाऱ्या पोरांतला. पुढे पोर्शेवर जीव जडला. ‘राउह-वेल्ट बेग्रिफ’ असं जर्मन नाव लावून तो हवेवर थंड होणाऱ्या जुन्या ९११ कापतो. गिऱ्हाईक कुठल्याही देशात असो, काम करायला तो स्वतः जातो. किट आधी पोचलेली असते. गाडी जॅकवर चढते. नाकाई फेंडरवर टेप लावतो, बघतो, थोडी सरकवतो, पुन्हा बघतो. ना लेझर, ना नकाशा. मग हवेवर चालणारी करवत पत्र्यात शिरते. मालक बाजूला उभा असतो, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते ज्याने त्याने व्हिडिओत बघावं. नवा फेंडर लावून, परत काढून, कड घासून, परत लावून, शेवटी तो स्क्रूने घट्ट होतो. त्यानंतर जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधल्या खाचेत सीलंटची धार, ती बसवली की टेप ओढून काढायची. मागे राहते ती एक स्वच्छ रेघ. पुट्टी मारून, रंग मारून दडवलेला जोड नाही. आखून दाखवलेला जोड. भोसरीत माझ्या उस्तादांनी ही रेघ पाहिली असती तर काम थांबवून पुन्हा पाहिली असती. त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक तेवढंच असायचं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘आवडलं नाही तर काढून टाकता येतं’ असं किटबद्दल सर्रास बोललं जातं. पुढचा फेंडर बोल्टवर असतो. कापला, बिघडला, तर दुसरा लावा. मागचा तसा नाही. तो गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, गाडीच्या ताकदीतला थोडा वाटा त्याचाही असतो. तो कापला की कापला. शिवाय सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पोर्शेचा पत्रा झिंकच्या थराने झाकलेला येतो. कापलेल्या कडेवर मात्र झिंक उरत नाही. तिथे ताबडतोब प्रायमर आणि सीलंट गेलं नाही तर गंज आतून चालायला लागतो, आणि समुद्राकाठच्या शहरात तर विचारूच नका. रेघ सुबक असण्यामागे नुसती कलाकारी नसते.

आता नाकाईवर तुटून पडणारे लोक सिंगरचं नाव काढलं की कसे विरघळतात ते बघा. सिंगर ही कॅलिफोर्नियातली मंडळी, रॉब डिकिन्सनने २००९ साली सुरू केलेली. तेही मूळ गाडी घेतात ती १९८९ ते १९९४ या काळातली, ९६४ पिढीची पोर्शे ९११. नाकाईही ९६४ कापतो. सिंगर तिचा बहुतेक पत्रा उतरवून कार्बन फायबरचं अंग चढवतात, आणि ते अंग दिसतं सत्तरीतल्या ९११सारखं, जणू ९६४ कधी झालीच नव्हती. किंमत अनेक लाख डॉलर. त्याला म्हणायचं पुनरुज्जीवन, आणि चिबाच्या माणसाने केलं की खाटीकखाना! दोघांच्याही कार्यशाळेच्या कोपऱ्यात कापलेला पत्राच पडलेला असतो. मला कुणी फुकट देणार असेल तर मी सिंगरच घेईन. तिचं शिवणकाम, तिच्या दारांच्या फटी, सगळं अचाट आहे. पण नाकं मुरडणाऱ्यांचा आक्षेप पत्रा कापण्याला नाही, कापणाऱ्याच्या कपड्यांना आहे, असं मला वारंवार वाटत आलं आहे.

ज्या किटचा मला खरंच राग येतो ती या सगळ्यांहून वेगळी, आणि तिची गोष्ट युरोपच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली. फेरारीने २ डिसेंबर २०१४ रोजी एफएक्सएक्स के या गाडीची छायाचित्रं प्रसिद्ध केली. मोजक्या लोकांसाठी बनवलेली, फक्त ट्रॅकवर चालवायची गाडी. तिच्या बॉनेटवर व्ही आकाराचा पट्टा, मधोमध माशाच्या कल्ल्यासारखा उभा तुकडा, खाली जमिनीलगत ओठ. पुढे जर्मनीच्या मॅन्सोरी या किट बनवणाऱ्या कंपनीने फेरारी ४८८ जीटीबीसाठी किट काढली. ती बसवली की रस्त्यावरच्या ४८८चं नाक पुष्कळसं एफएक्सएक्स के गाडीसारखं दिसायचं. फेरारी कोर्टात गेली. जर्मनीतल्या दोन कोर्टांनी फेरारीचा दावा मानला नाही. मग सर्वोच्च पातळीवर प्रश्न असा आला : पूर्ण गाडीचा फोटो छापला म्हणजे तिच्या एका भागाचं डिझाइनही जगासमोर मांडलं, असं होतं का? २८ ऑक्टोबर २०२१ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की होतं, त्या भागाचं रूप फोटोत स्पष्ट ओळखू येत असेल तर.

कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. माझी तक्रार साधी आहे. नाकाईची गाडी म्हणते, मी कापलेली पोर्शे आहे. काटोची गाडी म्हणते, मी बोल्ट मारलेली लॅम्बोर्गिनी आहे. ही ४८८ म्हणते, मी माझ्याहून महागडी फेरारी आहे. लग्नात भाड्याचे दागिने घालून मिरवावं तसं ते आहे, तेही अंगावर स्वतःचे खरे दागिने असताना. ४८८ ही अशीतशी गाडी आहे का? तिच्या दारांमागच्या हवेच्या वाटा, मागचा तो डिफ्यूझर, सगळं पवनबोगद्यात बसून ठरवलेलं. तिला दुसरीचा मुखवटा कशाला?

मुखवट्यांवरून आठवलं, नकली जाळ्या. हवा आत जाईल असं वाटायला लावणारी आणि आत काळं प्लास्टिक बंद असलेली जाळी हा सगळ्यात स्वस्त खोटेपणा. पण त्यात किटवाले एकटे नाहीत. २०१९ची टोयोटा सुप्रा घ्या, कारखान्यातूनच इतक्या बंद जाळ्या घेऊन आली की लोकांनी मोजदाद केली. टोयोटाचं म्हणणं पडलं की शर्यतीसाठी त्या उघडता येतील. येतील बापडे.

पंखाचंही तसंच. मागे मोठा पंख लावून मागची चाकं जमिनीत रोवली आणि पुढे काहीच केलं नाही, तर वेगात नाक हलकं होतं आणि गाडी वळायला कुरकुरते. रुंद चाकं बाहेर काढली की स्टिअरिंगला हिसके बसतात, बेअरिंगवर ताण येतो. हे कुठल्याही किटच्या ब्रोशरमध्ये नसतं. निव्वळ दिसण्यासाठी किट घ्यायला माझी ना नाही. दिसण्यासाठी घेतली असं म्हणा आणि मोकळे व्हा.

आपल्याकडे हा सगळा वाद तसा ऐकीव. बॉडी किटची आपली पहिली ओळख दिलीप छाब्रियांच्या डीसी या कार्यशाळेमुळे झाली, २०१२च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत त्यांची अवंती ही स्पोर्ट्स कार पाहायला झुंबड होती. पण मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम ठणकावून पुन्हा सांगितलं. त्यात आयातशुल्क भरून आणलेली गाडी. त्यामुळे वरळी सी लिंकवर रविवारी सकाळी दिसतात ते बहुतेक रंगीत रॅप (पत्र्यावर चिकटवायचा पातळ थर) आणि बाहेरून बसवलेले सायलेन्सर. रॅपचा रंग आरसी बुकातल्या रंगाशी जुळत नाही, तो आणखी वेगळा घोळ.

परवा एका मित्राशी वाजलं ते मात्र एफ४०वरून. एंझो फेरारी हयात असताना निघालेली ही शेवटची फेरारी. १९८७ ते १९९२ या काळात सुमारे तेराशे बनल्या. २०२३च्या टोकियो ऑटो सलोनमध्ये काटोने खऱ्या एफ४०वर चढवलेली किट मांडली. मित्र म्हणाला, ‘आता बोल. इथेही तू त्याचीच बाजू घेणार?’

मी त्याला एफ४०च्या आत डोकावायला सांगितलं. गालिचा नाही. दार उघडायला आतून साधी दोरी. अंगावरचा रंग इतका पातळ की खालची कार्बन आणि केव्हलारची वीण दिसते. आणि तुकडे जिथे चिकटवलेत तिथे हिरवा गोंद उघडा, कुणी पुसायचेही कष्ट घेतलेले नाहीत. जोड दाखवण्यात एफ४०चा हात कुणी धरणार नाही. माझ्या हिशेबाने काटोच्या किटचं तिच्याशी चांगलं जमायला हवं.

‘हिशेब सोड,’ तो म्हणाला, ‘आवडली का?’

मी फोटो परत उघडला. पुढचा फेंडर ठीक वाटला. मागे मात्र एफ४०चं डिझाइन करणाऱ्या पिनिनफरिनाची ती रेषा, दारापासून उचलत पंखात विरघळणारी, फुगवट्याने मध्येच तोडली आहे. नाही आवडली. ‘पुढून चालेल,’ मी म्हटलं. यावर त्याने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.